जाळ्याचा दाणा करताना

वितळवून प्लास्टिकचा दाणा करायला आलेला मासेमारीच्या वापरलेल्या जाळ्यांचा लॉट गाडीतून उतरवला तेव्हा १,१८० किलो भरला. या आकड्यावर हिशोब करायचा नाही, हा पहिला नियम. ओलं जाळं म्हणजे पाणी, वाळू, शेवाळ, कालवं, बार्नेकल (धाग्याला चिकटून वाढणारे कवचाचे समुद्री जीव) आणि त्यात अडकलेलं प्लास्टिक. त्यामुळे लॉट काँक्रीटच्या फरशीवर, शेडखाली चार दिवस पसरून ठेवला. उन्हात टाकला असता तर लवकर वाळला असता, पण अतिनील किरणांनी आधीच खाल्लेल्या धाग्याला आणखी ऊन कशाला? वाळलं की जाळं झटकायचं. निम्मी वाळू तिथेच पडते आणि ती फुकटात पडते. हीच वाळू पुढे पाण्यातून काढायला पंप, वीज आणि वेळ लागतो. मशीनमध्ये गेली तर ब्लेड आणि स्क्रूही जातात.

वर्गवारी करून हातात आलं ते असं: नायलॉनची जाळी ४१० किलो, पॉलिथिनची ट्रॉल जाळी ३६० किलो, पॉलिप्रॉपिलीनचे दोर १५० किलो, बोये, शिसं, गळ आणि तारा मिळून ९० किलो. उरलेले १७० किलो म्हणजे उडून गेलेलं पाणी, झटकलेली वाळू, गाळ आणि काहीच ठरवता येणार नाही असा गुंता. या कामाला तीन माणसांचे पाच दिवस गेले. वितळवून दाणा करायला नायलॉनपुरती दीड पाळी लागली. समुद्री प्लास्टिकच्या बातम्यांत नेहमी एक्स्ट्रूडर (प्लास्टिक वितळवून स्क्रूने पुढे ढकलणारं यंत्र) आणि रंगीत दाणे दिसतात. खरं काम त्याच्या बरंच आधी, हातमोजे घालून, सुरीने होतं.

आधी शिसं काढायचं. जाळ्याच्या खालच्या दोरावर ओवलेल्या गोळ्या दिसतात, त्या कापून टाकता येतात. घात करतो तो पोटात शिसं विणलेला दोर. बाहेरून साधा विणलेला दोर, आत शिशाची माळ. हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागतो, वाकवला की तसाच वाकून राहतो. तरी नजर चुकते, म्हणून प्रत्येक दोरावरून हातातला मेटल डिटेक्टर फिरवतो. शिसं ३२७ अंशांना वितळतं आणि नायलॉन २४०-२५० अंशांवर चालतं, त्यामुळे शिशाचा कण एक्स्ट्रूडरच्या बॅरलमध्ये, म्हणजे तापवलेल्या नळीत, न वितळता फिरतो, फिल्टरवर चेपतो आणि त्याचा अंश मालात जातो. शिसं सापडलेला दाणा कुणी घेत नाही, घेऊही नये.

आता हे नेमकं कशाचं जाळं, हे ठरवायचं. साधारण अंदाज असे: पारदर्शक, एकेरी धाग्याचं, मासा कल्ल्यात अडकवणारं जाळं बहुतेक नायलॉन ६ असतं. हिरवं किंवा निळं, पीळ दिलेल्या जाड सुताचं, हाताला मेणचट लागणारं ट्रॉल जाळं उच्च घनतेचं पॉलिथिन. पण अंदाजावर लॉट चालवला तर फसगत ठरलेली, कारण फाटलेलं जाळं दुसऱ्याच पदार्थाच्या सुताने दुरुस्त केलेलं असतं. एका नायलॉन जाळ्यात पॉलिथिनची ठिगळं सात-आठ ठिकाणी मिळणं नेहमीचं.

टेबलावर तीन ग्लास ठेवले की बरंच काम भागतं. पहिल्यात गोडं पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब. धाग्याचा दोन सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा, गाठ टाळून. गाठीत हवा अडकते आणि बुडणारा पदार्थही तरंगतो. साबण त्याचसाठी, पाणी धाग्याला नीट लागावं म्हणून. तरंगला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीन, बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. दुसऱ्या ग्लासात मिठाचं संपृक्त पाणी, लिटरला साधारण ३६० ग्रॅम मीठ, घनता १.२०. नायलॉनची घनता १.१४ असल्याने ते इथे वर येतं. पॉलिएस्टर १.३८ चं, ते तळाशीच राहतं. तिसऱ्यात पाणी आणि अल्कोहोल समप्रमाणात, घनता ०.९३ च्या आसपास. यात जाळ्याचं पॉलिथिन (०.९५) बुडतं आणि पॉलिप्रॉपिलीन (०.९०) तरंगतं.

नायलॉन ६ आणि नायलॉन ६६ यांची घनता जवळपास सारखी, तिथे ग्लास निरुपयोगी. त्यासाठी तापपट्टी २४० अंशांवर ठेवायची आणि धागा टेकवायचा. ६ चा थेंब होतो, कारण ते २२० ला वितळतं. ६६ ला २६० लागतात, ते तसंच पडून राहतं. जवळच्या अवरक्त किरणांवर चालणारं हातातलं यंत्र झटपट उत्तर देतं खरं, पण काळ्या मालापुढे ते आंधळं होतं, कारण त्यातला कार्बन ब्लॅक (काळ्या रंगासाठी घातलेली काजळी) सगळा प्रकाश शोषून घेतो. ओल्या मालावरही त्याच्या उत्तराचा भरवसा धरू नये.

धागा जाळून वास घेण्याची जुनी पद्धत अजून चालते. केस जळल्यासारखा वास आला तर नायलॉन, विझलेल्या मेणबत्तीसारखा आला तर पॉलिथिन. धूर चांगला नाही हे आहेच, शिवाय समुद्रातल्या मालाबाबत ज्योतीचा रंग फसवतो. हिरवी ज्योत दिसली की पीव्हीसी असं शिकवलेलं असतं. पण मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांच्या जाळ्यांवर शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तांब्याच्या ऑक्साइडचा लेप देतात. तांबं आणि समुद्राच्या मिठातलं क्लोरीन एकत्र आलं की ज्योत हिरवीच होते. लेपाची जाळी, साधारण विटकरी रंगाची आणि हाताला पावडर लागणारी, आम्ही सरळ वेगळी काढतो. तांबं आपल्या धुण्याच्या पाण्यात आलं की त्या पाण्याचं काय करायचं, हा नवा उद्योग होऊन बसतो.

कापणीत जाळ्यासारखा हट्टी माल दुसरा नाही. अखंड जाळं श्रेडरमध्ये टाकलं तर ते कापलं न जाता शाफ्टला गुंडाळतं, घर्षणाने वितळतं आणि शाफ्टभोवती प्लास्टिकची कडक पुंगळी बसते. ती छिन्नीने काढावी लागते आणि पाळी वाया जाते. म्हणून आधी गिलोटिनवर ३० ते ४० सेंटिमीटरचे तुकडे, मग एका शाफ्टच्या श्रेडरमध्ये ४० मिमीच्या चाळणीतून, मग पाणी सोडलेल्या ग्राइंडरमध्ये १२ मिमीच्या चाळणीतून. पाण्याने ब्लेड थंड राहतात, धूळ बसते आणि धुण्याचं काम तिथेच सुरू होतं.

फिरती ब्लेड आणि स्थिर ब्लेड यांतलं अंतर इथे सगळं ठरवतं. बाटल्यांसाठी ०.३ मिमी चालतं. पाव मिलिमीटर जाडीचा जाळ्याचा धागा त्या फटीतून आडवा पडून निसटतो, त्यामुळे अंतर ०.१५ पर्यंत आणावं लागतं. ब्लेड बोथट झाल्याचं कळायला आवाजाची वाट पाहू नये. चाळणीखालचा मूठभर माल तळहातावर पसरायचा. सरळ कापलेले तुकडे दिसले तर ठीक. तुकड्यांना लांब शेपट्या दिसल्या, गाठी अर्धवट वितळून चकाकायला लागल्या किंवा मोटरचा अँपिअर चढला, की थांबून धार लावायची. नीट न झटकलेला माल असेल तर ही वेळ एका पाळीतच येते.

धुण्याबद्दल जास्त लिहायला हवं, कारण नायलॉनचा सगळा खेळ इथे आहे. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन धुणं त्या मानाने सरळ आहे. टाकीत टाकलं की प्लास्टिक वर आणि वाळू खाली. पाणीच वर्गवारी करतं. नायलॉन मात्र वाळूबरोबर बुडतं. टाकीच्या तळातून काढलेल्या मालात नायलॉन, वाळू, शिंपल्याचा चुरा, दगडाचे खडे, सगळं एकत्र असतं. बाटल्यांच्या लाइनवर काम केलेली माणसं जाळ्याकडे वळली की पहिला लॉट इथेच बिघडवतात. टाकीवर तरंगणारे पॉलिथिनचे तुकडे काढले, खालचा माल स्वच्छ दिसला, म्हणून पुढे पाठवला.

तोड घनतेच्या फरकातच आहे, फक्त ती वेगळ्या रीतीने वापरायची. वाळू २.६५, शिंपला २.७ आणि नायलॉन १.१४. टाकीच्या तळातून निघालेला माल पातळ करून, म्हणजे १०० लिटर पाण्यात दोन किलोपेक्षा जास्त नाही, हायड्रोसायक्लोनमधून पाठवायचा. फिरत्या पाण्यात जड कण भिंतीला लागून खालच्या तोंडातून जातात, नायलॉन वरच्या तोंडातून बाहेर येतं. दाट माल पाठवला तर धागे एकमेकांत गुंततात आणि वाळूला पोटात घेऊन वर येतात. आमच्या या लॉटमध्ये पहिल्या फेरीत नेमकं हेच झालं होतं. पंपाचा वेग तोच ठेवून माल निम्मा केला आणि दुसरी फेरी घेतली, तेव्हा वाळू सुटली.

बार्नेकल हे वेगळं दुखणं आहे. ते धाग्याला चिकटलेलं राहिलं तर त्याच्या वजनाने चांगला धागाही वाळूबरोबर खालून निघून जातो. म्हणजे घाणही काढायची आणि नुकसानही सोसायचं. शिंपला आम्लात विरघळतो म्हणून आम्लाने धुण्याचा सल्ला देणारे भेटतात. त्यांचं ऐकू नये. तीव्र खनिज आम्लं नायलॉनच्या रेणूंची साखळीच तोडतात. त्यापेक्षा माल पूर्ण वाळवून झटकणं आणि जास्त फेऱ्यांचा घर्षण वॉशर, हे दोनच उपाय बरे. सुकलेलं बार्नेकल ठिसूळ होतं, ओलं असेल तर धाग्याला घट्ट धरून बसतं. सुरुवातीचे चार दिवस शेडखाली उगाच घालवलेले नसतात.

शेवटी मीठ. ते दिसत नाही, म्हणून राहून जातं, आणि क्लोराइड बॅरलचं पोलाद पोखरतं. शेवटचं पाणी गोडंच हवं. तपासणी सोपी आहे: ५० ग्रॅम धुतलेला माल अर्धा लिटर डिस्टिल्ड पाण्यात तासभर ठेवायचा आणि पाण्याची विद्युतवाहकता मोजायची. आम्ही २०० मायक्रोसीमेन्सची मर्यादा धरली आहे, त्यावर गेलं की आणखी एक खंगाळणी.

धुण्याचं घाण पाणी ही या धंद्यातली झाकलेली बाजू. ग्राइंडर आणि घर्षण वॉशर धाग्यांचा बारीक तुस करतात, तो पाण्याबरोबर जातो. ड्रम चाळणी, निवळण टाकी आणि वाळूचा फिल्टर असे तीन टप्पे नसतील तर समुद्रातून काढलेलं प्लास्टिक आणखी बारीक करून गटारावाटे परत समुद्रातच पाठवल्यासारखं होतं. पाणी फिरवून वापरलं तर तुस कमी बाहेर जातो, पण प्रत्येक फेरीत मीठ साठत जातं, म्हणून पाण्याचा काही भाग रोज बदलावा लागतो.

सेंट्रिफ्यूजमधून काढलेलं नायलॉन हाताला कोरडं लागतं. ते कोरडं नसतं. नायलॉन ६ पाण्यात बुडून राहिलं तर स्वतःच्या वजनाच्या नऊ टक्क्यांपर्यंत पाणी आत शोषतं. हे पाणी पृष्ठभागावरचं नसल्याने गाळून किंवा पिळून जात नाही. ८० अंशांच्या, आर्द्रता काढलेल्या हवेत ते आठ-दहा तास ठेवावं लागतं. घाईने ११० अंशांच्या साध्या हवेत वाळवलं तर पिवळं पडतं. ०.२ टक्क्याच्या वर ओलावा घेऊन माल बॅरलमध्ये गेला की पाणी आणि उष्णता मिळून साखळ्या तोडतात, मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) पाण्यासारखं पातळ होतं, डायमधून, म्हणजे बाहेर पडायच्या भोकांतून, फेस येतो आणि दाणे पोकळ निघतात. पोकळ दाणा पाण्यात तरंगतो. नायलॉनचा दाणा तरंगला की ड्रायरकडे जाऊन पाहायचं.

वाळलेला माल कापसासारखा फुगीर असतो. तो हॉपरमध्ये कमान धरून बसतो, वरून भरलेला दिसतो आणि खाली स्क्रू रिकामा फिरतो. आम्ही कापून दाबणारा कॉम्पॅक्टर एक्स्ट्रूडरच्या तोंडाशी लावला आहे. तो नसेल तर माल आधी अ‍ॅग्लोमरेटरमधून काढून घट्ट करावा लागतो. पॉलिथिनच्या अ‍ॅग्लोमरेटरमध्ये शेवटी मगभर पाणी मारून माल फोडायची सवय असते. नायलॉनला ती सवय विसरायची, नाहीतर वाळवणीचे दहा तास मगभर पाण्यात जातात.

एक्स्ट्रूडरवर सांगण्यासारखं त्या मानाने कमी आहे. बॅरल २३० पासून २५० अंशांपर्यंत, दोन ठिकाणी व्हॅक्यूमने वाफ ओढायची, १२० मायक्रॉनचा फिल्टर. नजर मात्र फिल्टरआधीच्या दाबावर ठेवायची. दाब चढण्याचा वेग म्हणजे धुणी कशी झाली याचं प्रगतिपुस्तक. हायड्रोसायक्लोनच्या पहिल्याच फेरीतला थोडा माल आम्ही मुद्दाम चालवून पाहिला, तर चाळणी ४० मिनिटांत भरली. दुसऱ्या फेरीतल्या मालावर तीच चाळणी तीन तास चालली. डायमधून निघणारे नायलॉनचे दोर (हेच पुढे कापून दाणे होतात) तुटायला लागले तर तुटलेलं टोक भिंगाखाली धरायचं. पोकळी दिसली तर ओलावा, खडा दिसला तर वाळू. पांढरट, मऊ, पदर सुटल्यासारखा डाग दिसला तर पॉलिथिन, कारण नायलॉन आणि पॉलिथिन एकमेकांत मिसळत नाहीत. वर्गवारीत सुटलेलं एखादं ठिगळ इथे येऊन बोलतं.

मशीन मध्येच थांबवायची वेळ आली तर नायलॉन आत ठेवून जाऊ नये. ते करपतं आणि पुढचे कित्येक किलो काळे ठिपके येत राहतात. पॉलिथिन घालून बॅरल साफ करायचं, आणि सुरू करताना ते पॉलिथिन पूर्ण निघेपर्यंतचा माल बाजूला टाकायचा. ४१० किलोंतून धुऊन-वाळवून ३१८ किलो आणि शेवटी २९६ किलो दाणा मिळाला.

पॉलिथिनचा दाणा करणं सोपं, त्याला गिऱ्हाईक शोधणं अवघड. जाळ्याचं पॉलिथिन घट्ट वाहतं. १९० अंशांना २.१६ किलोच्या वजनाखाली त्याचा मेल्ट फ्लो (दहा मिनिटांत किती ग्रॅम वाहतं तो आकडा) १ च्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. पाइप, पट्ट्या, फळ्यांना ते छान. इंजेक्शन मोल्डिंगवाल्याला दिलं तर साचा अर्धाच भरतो, त्यासाठी जास्त वाहणारा माल मिसळावा लागतो. उघड्यावर वापरायच्या वस्तूत दोन ते अडीच टक्के कार्बन ब्लॅक घातला की ऊन सोसतं, पण मग रंग एकच. पॉलिप्रॉपिलीनच्या दोरांचं उलट. उन्हाने त्यांच्या साखळ्या तुटलेल्या असतात, त्यामुळे मेल्ट जास्त वाहतं आणि वस्तू ठिसूळ होते. हाताने चोळल्यावर ज्याचा भुगा पडतो तो दोर आम्ही दाण्यात घेतच नाही. पॉलिथिन-पॉलिप्रॉपिलीन एकत्र ओढलेले दोरही असतात, ते वेगळे होत नाहीत. त्यांच्या जाड फळ्याच करायच्या.

दाणा झाला की राखेची चाचणी. पाच ग्रॅम दाणा ६०० अंशांच्या भट्टीत जाळायचा आणि उरलेलं वजन करायचं. ०.६ टक्का राख आली तर ती कशाची? वाळूची असेल तर हायड्रोसायक्लोनकडे बघायचं, शिंपल्याची असेल तर वाळवणी-झटकणीकडे. मग तीच राख ९०० अंशांवर पुन्हा तापवायची. वाळू तशीच राहते. शिंपल्यातलं कॅल्शियम कार्बोनेट कार्बन डायऑक्साइड सोडून ४४ टक्के वजन गमावतं. ०.६ ची राख ०.५ झाली, म्हणजे ०.१ गेलं. त्याला ०.४४ ने भागलं की शिंपला साधारण ०.२३ टक्का आणि बाकीची वाळू. ही एवढी चाचणी दोन टप्प्यांत केली तर कुठल्या टप्प्यावर चूक झाली ते तोंडाने विचारावं लागत नाही.

बारीक सूत काढण्याइतका स्वच्छ दाणा या पद्धतीने क्वचितच मिळतो. खुर्चीचे भाग, क्लिपा, चष्म्याच्या चौकटी, काचतंतू मिसळून यंत्रांचे सुटे भाग, इथपर्यंत तो जातो. कपड्याचं सूत हवं असेल तर रासायनिक वाट आहे. नायलॉन ६ चं विघटन करून पुन्हा कॅप्रोलॅक्टम, म्हणजे त्याचं मूळ रसायन, करायचं, ते ऊर्ध्वपातनाने शुद्ध करायचं आणि त्यातून नवं नायलॉन बनवायचं. इटलीच्या अ‍ॅक्वाफिल कंपनीचं इकोनील २०११ पासून असंच तयार होतं. रंग आणि मळ त्या वाटेत मागे राहतो. नायलॉन ६६ मधून मात्र कॅप्रोलॅक्टम मिळत नाही, म्हणजे तापपट्टीवरची ती छोटी चाचणी तिथेही टाळता येत नाही.

पोती शिवण्याआधी एक चिठ्ठी लावायची असते आणि तिच्यावर काय लिहायचं यावर बरीच घासाघीस होते. गिऱ्हाइकाला ‘समुद्री प्लास्टिक’ हे शब्द हवे असतात. पण बंदरावर मच्छीमारांनी आणून दिलेलं निकामी जाळं समुद्रात हरवलेलंच नव्हतं. किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत पडलेला आणि गोळा करायची सोय नसलेला कचरा समुद्राकडे जाण्याच्या वाटेवरचा म्हणतात, तो तिसराच प्रकार. पाण्यातून किंवा तळातून ओढून काढलेलं जाळं हे त्या शब्दांच्या सगळ्यात जवळचं आणि मिश्रण सगळ्यात वाईट असलेलं. या लॉटमध्ये पाण्यातून निघालेला माल आणि बंदरावरचा माल गाडीतच एकत्र झाला होता, वेगवेगळी वजनं कुणी घेतली नव्हती. म्हणून चिठ्ठीवर ‘नायलॉन ६, मासेमारीची वापरलेली जाळी, मिश्र संकलन’ एवढंच लिहिलं, लॉट क्रमांक आणि राखेचा आकडा टाकला, आणि अर्धा किलो दाणा बरणीत भरून कपाटात ठेवला.